विचारपूस की चौकशी?

आमच्या चाळीत एखाद्या घरी चूल पेटली नाही असे कळले, की आई आम्हा पोरांपैकी कोणाच्या तरी हाती तांदळाचा डबा देई. तोही दिवेलागणीला, मागच्या दाराने. आत डोकवायचे नाही आणि डबा लगेच परत मागायचा नाही, अशी सक्त ताकीद असे.

हे आठवायचे कारण अमेरिका. तिथे १९३५ च्या कायद्याने आधार नसलेल्या मुलांच्या आयांना रोख मदत सुरू झाली, पण मदतीच्या पाठोपाठ चौकशी आली. कित्येक ठिकाणी सरकारी माणसे अपरात्री दार ठोठावून घरात कोणी पुरुष आहे का, हे धुंडाळीत. अलाबामात तर बाईकडे कोणी येतजात असेल, तर तोच मुलांचा बाप समजून मदत बंद करीत. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला.

जॉनी टिलमन ही सहा मुलांची आई. आर्कान्सासच्या कापसाच्या शेतांतून आलेली, कॅलिफोर्नियात लाँड्रीत राबलेली. १९७२ साली तिने ‘मिस’ मासिकात लिहिले, की ही मदत म्हणजे जाचक नवराच. फरक इतकाच की याला बाई सोडू शकत नाही, तो मात्र तिला केव्हाही सोडू शकतो. गरज आणि घरातील माणसे एवढेच पाहून प्रत्येक घराला पुरेसे उत्पन्न द्यावे, ही तिची मागणी. अध्यक्ष निक्सन यांनी १९६९ साली चौघांच्या कुटुंबाला वर्षाला १,६०० डॉलर देण्याची योजना मांडलीही होती. टिलमनच्या संघटनेला ती तुटपुंजी वाटली, उलट बाजूच्यांना फार वाटली, आणि १९७२ पर्यंत सिनेटमध्ये ती बारगळली. पुढे १९९६ च्या कायद्याने जुनी मदतही गेली. नव्या मदतीला कामाची अट आणि केंद्राच्या पैशावर साधारण पाच वर्षांची मुदत आली.

देणाऱ्याने काहीच विचारू नये काय? कर भरणाऱ्याच्या घामाचा पैसा आहे; मिळकत किती, मुले किती, हे विचारणे रास्तच. पण रात्री घरी कोण असते, हे कशाला?

आता चौकशीने नवे रूप घेतले आहे. २०१८ पासून मिसिसिपीतील जॅक्सन येथे एका खासगी योजनेतून गरीब कृष्णवर्णीय मातांना वर्षभर दरमहा १,००० डॉलर, बिनअटीचे, मिळू लागले. त्याच वर्षी संशोधकांनी चार शहरांतील हजार गरीब बाळंतिणी निवडून काहींना दरमहा ३३३, तर काहींना २० डॉलर देण्यास आरंभ केला. मुले चार वर्षांची झाल्यावर तपासले, तर भाषेत वा वागणुकीत लक्षणीय फरक दिसला नाही. लगेच काहींनी म्हटले, पैसा फुकट गेला. प्रामाणिकपणे सांगतो, मीही क्षणभर खट्टू झालो. पण त्या आयांनी तो पैसा दारूत उडवला नव्हता; मुलांच्या वस्तूंवर थोडा अधिकच खर्च केला होता. आणि इस्रायलमध्ये बितुआह लेउमीकडून प्रत्येक आईच्या खात्यात मुलांचा भत्ता जमा होतो, तेव्हा पोराला किती शब्द येतात हे कोणी मोजते का? श्रीमंताची आईही तो घेते, म्हणून गरीब आईला तो घेताना मान खाली घालावी लागत नाही.

रूथ शेतात कणसे वेचायला आली, तेव्हा बवाजने गड्यांना दोन गोष्टी बजावल्या: तिच्यासाठी मुद्दाम थोडी कणसे गळू द्या, आणि तिला लाजवू नका. दुसरी सूचना आपण फार लवकर विसरतो.

एकदा त्या शेजारणीने आमचे तांदूळ विकून मुलाला चपला घेतल्याचे कानावर आले. वडील संतापले. आई म्हणाली, “पावसाळा तोंडावर आलाय. पोर अनवाणी शाळेत कसं जाईल?” पुढच्या आठवड्यात डबा पुन्हा गेला.