तळ्याकाठचा शरद आणि व्याधाचं उत्तर

विनयपिटकात वर्षावासाच्या नियमामागची हकीगत दिली आहे. सुरुवातीला बुद्धाचे भिक्षू भर पावसाळ्यातही गावोगाव फिरत. लोक कुरकुरू लागले: हे कोवळं गवत तुडवतात, किती बारीक जीव यांच्या पायाखाली मरतात; पाखरंसुद्धा या दिवसांत झाडावर घरटं बांधून एका जागी राहतात! ती तक्रार बुद्धाने मान्य केली आणि वर्षावासाचा नियम घातला. जैन साधूंचा चातुर्मासही याच काळजीपोटी. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, कार्तिकात चातुर्मास. शरद हा असा पायांना मोकळीक देणारा ऋतू. पण ज्या जिवांसाठी पावसाळाभर पाय आवरले, ते जीव काही कार्तिकात नाहीसे होत नाहीत. मग बागेत राबून, मासे धरून, पाखरं पाहून या ऋतूचा आनंद घेणाऱ्याने त्यांच्याशी कसं वागावं?

पूर्व विदर्भातल्या तळ्यांवर हा प्रश्न अगदी उघड्यावर पडलेला दिसतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आहेत. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले म्हणून ते मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जातात. दिवाळीच्या सुमारास इथे हलका धान कापणीला येतो. जड धान अजून उभा असतो आणि त्याच्या पायाशी ओल असते, म्हणून काही शेतकरी त्या उभ्या पिकातच लाखोरी आणि जवस फेकून पेरतात. नांगर लागत नाही, माती उलथत नाही. तळ्याच्या पाण्यातही त्याच दिवसांत एक शेती पिकते, ती शिंगाड्याची.

शिंगाड्याचा वेल जवळून पाहावा असा असतो. पानांचं चक्र पाण्यावर पसरलेलं, प्रत्येक पानाचा देठ मधोमध फुगलेला आणि आतून स्पंजासारखा, त्यामुळे सगळा पसारा तरंगतो. फळ मात्र पानाखाली पाण्यात. तोडणारी बाई डोंग्यातून किंवा ट्यूबवर बसून जाते, वेल उचलून उलटा करते, काटे चुकवत फळ खुडते आणि वेल पुन्हा होता तसा ठेवून देते. काटे रोजच बोटांत शिरतात. वेळेवर खुडलं नाही तर फळ टणक होऊन तळाच्या गाळात जातं आणि पुढच्या हंगामाचं बी होतं. याच पानांवर पावसाळ्यात लांब शेपटीचा कमळपक्षी अंडी घालतो. ती उबवतो नर, मादी नव्हे. शरदात त्याची ती डौलदार शेपटी गळून गेलेली असते आणि साध्या तपकिरी-पांढऱ्या वेषात तो त्याच पानांवर किडे टिपत हिंडतो.

हे पीक काढणारे बहुतेक ढिवर, म्हणजे मासेमारी करणारी माणसं. त्यांनी काढलेल्या शिंगाड्याचं पीठ नवरात्रात आणि एकादशीला घरोघरी उपासाला चालतं. त्यांनीच धरलेला मासा त्याच दिवशी अनेक घरांत वर्ज्य असतो. वारकरी शिस्तीत तर गळ्यात तुळशीची माळ घालायची म्हणजे मासे-मटण सोडायचं. ज्याचं घरच जाळ्यावर चालतं त्याला ही अट किती जड जात असेल, याचा विचार शाकाहारी भाविक फारसा करत नाही. ढिवराचा हात पवित्र की अपवित्र, हे त्याच्या टोपलीत त्या दिवशी काय आहे यावरून ठरवणं हा धर्मविचार नाही. ती नुसती सोय आहे.

आपल्या परंपरेने या माणसाला दोन फार वेगळ्या जागा दिल्या आहेत. रामायणाच्या आरंभी निषाद क्रौंचाच्या जोडीतला नर मारतो आणि वाल्मीकीचा शाप खातो. महाभारतात मात्र व्यास स्वतः सत्यवतीचे, म्हणजे धीवरांच्या घरी वाढलेल्या मुलीचे पुत्र आहेत, आणि त्याच ग्रंथाच्या वनपर्वात एक मांसविक्रेता ब्राह्मणाला धर्म शिकवतो. कौशिक नावाचा तपस्वी झाडाखाली बसला असताना वरून बगळीची विष्ठा अंगावर पडते. तो रागाने वर पाहतो आणि ती मरून खाली पडते. पुढे भिक्षेला गेल्यावर एक गृहिणी त्याला सुनावते की मी काही ती बगळी नव्हे. तीच त्याला मिथिलेच्या धर्मव्याधाकडे पाठवते.

धर्मव्याध आपल्या धंद्याची भलामण करत नाही. हे काम घोर आहे, असं तो स्वच्छ सांगतो. तो स्वतः प्राणी मारत नाही, मांस खात नाही, पण विकतो. मग तो कौशिकाला शेताकडे पाहायला लावतो. नांगर चालतो तेव्हा जमिनीतले किती जीव मरतात? धान्याच्या दाण्यात जीव नाही का? चालताना, बसताना, निजताना माणूस काय काय चिरडतो? जगात पूर्ण अहिंसक कोणीच नाही, आणि अहिंसेला वाहून घेतलेले यतीसुद्धा हिंसा करतातच. त्यांच्या प्रयत्नामुळे ती कमी होते, एवढाच फरक. हिंदू ग्रंथांत हिंसेबद्दल इतकं खरं आणि इतकं कामाचं क्वचितच कुणी बोललं असेल. बागकाम म्हणजे निर्मळ छंद असं मानणाऱ्याने व्याधाचं हे बोलणं जरूर ऐकावं. शेवंतीच्या वाफ्यातला मावा कुणीतरी मारतोच. कार्तिकात मेथी-पालकासाठी जमीन भुसभुशीत करताना गांडुळं कुदळीखाली तुटतात. शिंगाड्याची पानं चाळणीसारखी करणारा भुंगेरा शेतकऱ्याला हटवावाच लागतो. प्रश्न उरतो तो किती आणि कशाने याचा: हाताने वेचून, की सगळ्या तळ्यावर विष फवारून?

ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं लक्षण सांगताना पावलांचं वर्णन केलं आहे. पाण्याला धक्का लागू नये इतक्या हलक्या पावलांच्या माणसाला त्यांनी दिलेली उपमा आहे बगळ्याची, आणि तो बगळा भक्ष्यावर नजर ठेवून चाललेला आहे. अहिंसेच्या वर्णनात मासे धरणारा पक्षी यावा याचं नवल वाटतं. पण ज्ञानेश्वरांनी तळ्याकाठी बगळा नीट पाहिला होता, एवढं यातून नक्की कळतं. त्याच अध्यायात अहिंसेच्या नावाखाली चालणाऱ्या हिंसेवरही त्यांनी बोट ठेवलं आहे: यज्ञ, औषधासाठी सोललेली झाडं, चिरलेले प्राणी. सोवळ्या भाषेने हिंसा झाकली जाते, हे त्यांना ठाऊक होतं.

मासेमारीकडे आता पुन्हा पाहता येतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंड्यांनी भरलेले मासे ओढ्यानाल्यांतून वर चढतात. ते पकडणं सर्वांत सोपं आणि सर्वांत घातक. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ती याच कारणाने. शरदापर्यंत वीण उरकलेली असते. या दिवसांत पोटासाठी धरलेला मासा मरतो, पण त्याची पिढी मागे राहते. महाडजवळच्या वाळण कोंडीत आणि देहूच्या इंद्रायणीत माशांना देवाचं अभय आहे. तेही हिंसा कमी करण्याचेच मार्ग आहेत, श्रद्धेने आखलेले.

मौजेची गळ-मासेमारी मात्र निराळी. मासा गळाला लावायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत सोडायचा. हा छंद स्वतःला दयाळू समजतो. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशाच्या ओठांजवळ वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. ओठांत मधमाशीचं विष किंवा आम्ल टोचलेले मासे डोलत राहिले, अन्न घ्यायला त्यांनी उशीर केला, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. माशाला ती वेदना माणसासारखी जाणवते का, यावर वैज्ञानिकांत अजून वाद आहे. पण भूक भागवायची नाही आणि तरीही ओठात गळ रुतवायचा, तर शंकेचा फायदा माशालाच मिळायला हवा. व्याधाच्या कसोटीवर ढिवराचं जाळं टिकतं. शौकिनाचा गळ टिकत नाही.

राहिला पाहणारा. त्याच्या हातात फक्त दुर्बीण, म्हणून तो स्वतःला सुटलेला समजतो. गोंदियात नोव्हेंबरपर्यंत चक्रवाक आणि इतर बदकं उतरू लागतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही येतात. पण सगळ्यांची ओढ सारसाकडे. उडणाऱ्या पक्ष्यांत तो जगात सर्वांत उंच, जवळजवळ माणसाएवढा. वाल्मीकीचा क्रौंच म्हणजे सारसच, असं काही अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात त्याचा मुख्य आसरा गोंदिया जिल्हा, आणि तिथेही त्याची संख्या पन्नासच्या आत आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत घरटं करतो. शरदात पिलू आईबापांच्या मागे चालत असतं, अजून नीट उडत नसतं. वीजतारा आणि कीटकनाशकं त्याचे वैरी आहेतच. त्यात फोटोसाठी धुऱ्यावरून आत घुसणाऱ्यांची भर पडली तर पिलाची ताटातूट व्हायला वेळ लागत नाही.

उलट ज्याच्या बांधीत घरटं असतं तो शेतकरी खरोखरचं नुकसान सोसतो. घरट्यासाठी पक्षी धान उपटतात, तुडवतात. स्थानिक पक्षिमित्र अशा शेतकऱ्यांना भेटतात, समजावतात आणि अंडी राखायला मदत करतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायांनी तळ्यांतलं बेशरम नावाचं तण उपटून काढलं आणि माशांना, पाखरांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्या तळ्यांत मासे धरले जातात आणि बदकंही उतरतात. बाहेरून दुर्बीण घेऊन येणाऱ्याने पक्षी कुठे दिसतील एवढंच न विचारता, कोणत्या बांधीकडे या महिन्यात जायचं नाही, हेही त्या बायांना आणि शेतकऱ्यांना विचारावं.