होरेबाहून परतीची वाट

(शास्त्रपाठ : 1 राजे, अध्याय 19, मार्क 6 : 30–44)



एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून देश सोडून निघाला आणि चाळीस दिवस व चाळीस रात्री चालत देवाच्या डोंगरापर्यंत, म्हणजे होरेबापर्यंत गेला. वारा, भूकंप व अग्नी होऊन गेल्यावर जी मंद वाणी त्याच्या कानी पडली, तिजवर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. आणि बहुतेक उपदेशक तेथेच थांबतात. परंतु अध्याय तेथे संपत नाही. तू येथे काय करीत आहेस, असे देवाने त्याला दोनदा विचारले, आणि मग दिमिष्काच्या रानाकडची वाट दाखवून त्याच्या हाती काम दिले. इतक्या लांबच्या एकांतवासात त्या थकल्या सेवकाला जे मिळाले ते हेच : परतीची आज्ञा, करावयाचे काम, आणि एक सोबती. तो सोबतीही डोंगरावर नव्हता. शेतात नांगर धरून चालला होता.

आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीत याचे एक उदाहरण आहे, ते पंडिता रमाबाईंचे. 1898 साली त्या इंग्लंडच्या उत्तर भागातील केसविक या गावी गेल्या होत्या. डोंगर आणि सरोवर यांच्या काठी वसलेल्या त्या लहान गावी 1875 पासून दर उन्हाळ्यात निरनिराळ्या पंथांचे ख्रिस्ती लोक प्रार्थनेकरिता व शास्त्राध्ययनाकरिता एकत्र जमत आले आहेत. आरंभी हा मेळा तंबूत भरत असे. ख्रिस्ताच्या ठायी सर्व एक आहेत, या अर्थाचे गलतीकरांस पत्रातील वचन त्याचे ब्रीद आहे.

त्या समयी रमाबाईंच्या पाठीवर काय ओझे होते, ते ध्यानात आणा. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी तीनशेच्या सुमारास अनाथ मुली व स्त्रिया आणिल्या होत्या. पुण्यात प्लेगचे दिवस. म्हणून त्यांना केडगावच्या माळावर आसरा द्यावा लागला. शारदासदनासाठी अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते, त्याची मुदतही सरली होती. अशी बाई एवढ्या सभेपुढे उभी राहिली, तर ती धान्य मागेल, पैसा मागेल, असे कोणालाही वाटावे. आणि मागितला असता तर त्यात दोष नव्हता. त्यांस बोलण्यास थोडीच मिनिटे मिळाली. तेवढ्यात त्यांनी विनंती केली ती ही की, हिंदुस्थानातील सर्व ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून प्रार्थना करा.

त्या ‘सर्व’ शब्दापाशी माझे मन वारंवार थबकते. केडगावच्या मुलींपुरते त्यांनी मागितले नाही. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेला हा आपला बालाघाटाचा मुलूखही त्या विनंतीत आला. ज्या गावांची नावेही त्या सभेतील कोणास उच्चारता आली नसती, त्यांच्यासाठी तेथे प्रार्थना मागितली गेली.

परत आल्यावर काय झाले? लागलीच आकाशातून काही उतरले नाही. उतरला तो 1899–1900 चा दुष्काळ. मुक्तिसदनातील माणसांची संख्या हजारावर गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, आजाऱ्यांची शुश्रूषा, एवढ्या तोंडांचे दोन वेळचे अन्न, यांत वर्षे गेली. पुढे 1905 च्या आरंभी रोजच्या प्रार्थनेसाठी सत्तरएक जणी जमू लागल्या, त्यांच्या साडेपाचशे झाल्या, आणि जून महिन्यात ते प्रसिद्ध संजीवन आले. आपल्या सभांतून जूनची गोष्ट मोठ्या आवेशाने सांगतात. विहिरींची कोणी सांगत नाही. मला तर त्या मधल्या सात वर्षांचेच मोल अधिक वाटते. केसविकला मागितलेली गोष्ट त्या बाईने केडगावी भाकरी थापता थापता धरून ठेविली. त्यानंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. खेड्यातील साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत मूळ भाषांतून पवित्र शास्त्र उतरविण्याचे काम त्यांनी 1922 साली मृत्यू येईपर्यंत चालविले.

हल्ली पुष्कळ जण परदेशी पवित्र स्थळे पाहून येतात व यार्देनेचे पाणी बाटलीत भरून आणितात. त्यांची मी निंदा करीत नाही. एवढेच विचारतो की, तेथे उभे असता तुम्ही कोणाचे नाव घेतले?

आता आपल्या धारूरकडे या. आपल्या मंडळीतील बहुतेकांना परदेश ठाऊक नाही. परमुलूख मात्र ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको मिळून एक कोयता अशा टोळ्या निघतात, व कारखान्यांचा हंगाम आटोपेपर्यंत पाचटाच्या कोपीत राहतात. त्याला कोणी एकांतवास म्हणू नये. पहाटेच्या अंधारात फड गाठावयाचा, आणि रात्री गाडी आली की पुन्हा मोळ्या भरावयाच्या, यात विसाव्याचे काहीच नाही. अशाच एका बहिणीने मला सांगितले, “पाळकसाहेब, तिकडं रविवार कोणता, त्येबी ध्यानात राहत नाही.”

प्रभूला हे अपरिचित नाही. शिष्य थकून आले, त्यांना जेवावयासही सवड नव्हती, तेव्हा त्याने स्वतः त्यांना विसाव्यासाठी निर्जन स्थळी बोलाविले. परंतु लोक किनाऱ्याने धावत पुढे गेले आणि तो एकांत मोडला. प्रभू रागावला नाही. मेंढपाळ नसलेल्या त्या मेंढरांची त्याला दया आली. त्याने त्यांना शिकविले, आणि मग गवतावर बसवून जेवू घातले. ज्यांना विसावा घ्यावयास जाता येत नाही, त्यांच्याकडे विसावा चालत गेला.

म्हणून उपदेशक बंधूंनो, तुम्हांस माझी विनंती आहे. टोळ्या निघण्यापूर्वीच्या रविवारी एक वही घेऊन बसा. कोणते कुटुंब निघाले, कोणत्या कारखान्यास, बरोबर कोणती लेकरे आहेत, मागे म्हातारे कोण राहिले आहे व त्यांच्या औषधपाण्याचे कोण पाहील, हे लिहून घ्या. मार्गशीर्षात किंवा पौषात दोघे जण मिळून निदान एका अड्ड्यावर जा. सभा भरविण्याचा आग्रह धरू नका, गाडी भरून होईपर्यंत थांबा, आणि मग कोपीपाशी बसून एक स्तोत्र म्हणा. आणि इकडे दर रविवारी त्या वहीतील नावे मंदिरात मोठ्याने वाचावी. वाचण्याचे काम मागे राहिलेल्या आज्यांपैकी जिला अक्षरओळख असेल तिला द्यावे. नसेल तर नातवाने वाचावे आणि तिने शेजारी उभे राहावे.