‘ध’, ‘मा’ आणि मधली त्रेपन्न वर्षं

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

शनिवारवाडा पाहून आलीस आणि फोनवर पहिलाच प्रश्न केलास, “आजी, आनंदीबाईंनी खरंच ‘ध’चा ‘मा’ केला का गं?” दोन वाक्यांत उरकावं असं ते प्रकरण नाही, म्हणून लिहिते.

आधी वादाबाहेरचं तेवढं बाजूला काढ. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, गणपतीचे दिवस. सुमेरसिंगाचे गारदी, म्हणजे पगारी शिपाई, वाड्यात घुसले. नारायणराव पेशवे, वय अवघं अठरा, जीव वाचवायला काकांकडे, रघुनाथरावांकडे, धावले आणि तिथेच मारले गेले. पेशवाई काकांना मिळाली.

गारद्यांना दिलेल्या हुकमाच्या चिठ्ठीचं तसं नाही. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं ही हकीकत ग्रँट डफनं लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. तो छापला १८२६ साली, खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. डफचा जन्मच १७८९चा. त्यानं जुने कागद चाळले होते, जाणत्यांना विचारलं होतं, हे मान्य. पण अक्षर बाईंनी फिरवलं, हे तोसुद्धा लोकांचा समज म्हणूनच सांगतो. आपण त्या समजाची म्हण करून टाकली, आणि म्हणीकडे कोण पुरावा मागतो?

आता बघ, ही कथा कुणाच्या सोयीची आहे? रघुनाथरावांची कबुली सांगतात ती एवढीच, की धरायचा हुकूम दिला, मारायचा नाही. मग उरलेला खून कुणाच्या तरी पदरात घालायलाच हवा. तो बायकोच्या, आनंदीबाईंच्या, पदरात पडला. एवढ्यावरून कथा खोटी ठरत नाही, पण आरोपीला हलकं करणारी साक्ष दोनदा तपासावी लागते. ती चिठ्ठी कुणाच्या हातची, कुणाकुणाकडे फिरली, तिच्याबद्दल त्याच महिन्यांत आणखी कुणी काही लिहिलं का? इतिहाससंशोधक राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले ते अशा कागदांसाठीच. त्या दिवसांतलं एखादं फाटकं पत्र मला नंतरच्या साऱ्या रसाळ बखरींपेक्षा मोलाचं वाटतं.

यापुढचं लिहिताना मला जड जातं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना भर दरबारी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, हे मी लहानपणापासून ऊर भरून ऐकत आले. तो प्रसंगही डफच्या त्याच पुस्तकात आहे. बाईंच्या बाबतीत त्रेपन्न वर्षांचं अंतर मोजलं, तर शास्त्रीबुवांच्या तोंडच्या शब्दांनाही तेच माप लावलं पाहिजे. त्यांनी चौकशी केली यावर माझा विश्वास आहे. शब्द नेमके तेच होते, असं मात्र मी आता छातीठोकपणे सांगत नाही.

मे महिन्यात ये, बोरू आणि शाई काढून ठेवते. मोडीत आधी ‘धरावे’ लिही, मग त्याच अक्षरांवर हात फिरवून ‘मारावे’ करून बघ. खाडाखोड किती दिसते, ते तुझं तूच मला सांग.

तुझी,
आजी