नऊ महिन्यांचा गुडघा

गुडघ्याच्या आत, मधोमध, जेमतेम करंगळीएवढा जाड आणि तीन-साडेतीन सेंटीमीटर लांबीचा एक बंध असतो. डॉक्टर आणि खेळाडू दोघेही त्याला एसीएल म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि शरीर वळताना सांधा फिरून निसटू न देणे, ही त्याची दोन कामे. कबड्डीत चढाईपटू वेगात येऊन एका पायावर थबकतो आणि मध्यरेषेकडे गर्रकन वळतो. कुस्तीत पट निघालेला पहिलवान उरलेल्या पायावर पिळवटतो. त्या क्षणी सगळा भार या बंधावर येतो. तो तुटायला प्रतिस्पर्ध्याचा धक्का लागतोच असे नाही, खेळाडू एकटा वळतानाही तो तुटतो. टक् असा आवाज झाल्याचे पुष्कळजण सांगतात आणि काही तासांत गुडघा फुगतो. जालना जिल्ह्यातल्या मैदानांवर या प्रसंगाचे नाव साधे आहे: गुडघा लचकला.

या नावातच पुढची हानी दडलेली असते. लचकलेल्या पायाला शेक, मालिश आणि विश्रांती मिळते. सूज उतरते, चालता येते आणि पोरगा पुन्हा मैदानात उतरतो. बंध तुटलेला गुडघा सरळ धावताना फारसा त्रास देत नाही; वळताना मात्र निसटतो आणि निसटताना आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, चिरडण्याचा धोका असतो. निदानाला मोठे यंत्र लागतेच असे नाही. रुग्णाला उताणे झोपवायचे, गुडघा वीस-तीस अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. शाबूत गुडघ्यात ओढ एका ठिकाणी ठामपणे अडते, तुटलेल्यात ती अडत नाही. लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी 1976 मध्ये प्रसिद्ध झाली. एमआरआयचे महत्त्व त्याने कमी होत नाही. पण तालुक्याच्या दवाखान्यात दोन जाणते हात असले, तर वाया जाणारे अनेक महिने वाचतात.

दुर्बिणीतून गुडघ्यावर उपचार करण्याच्या शाखेचा पाया जपानमध्ये घातला गेला. टोकियोत केन्जी ताकागी यांनी 1918 च्या सुमारास मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचेच शिष्य मासाकी वातानाबे यांनी 1962 मध्ये दुर्बिणीतून मेनिस्कसचा फाटलेला भाग काढला. ज्याला आज खेड्यातही सहजपणे दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणतात, त्याचा उगम हा. महाराष्ट्रात ही शाखा डोळ्यांत भरली ती मुंबईच्या डॉ. दिनशॉ पारडीवाला यांच्या कारकिर्दीत. अस्थिशल्यविशारद असलेले पारडीवाला कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात क्रीडावैद्यक विभाग चालवतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. 30 डिसेंबर 2022 च्या मोटार अपघातानंतर क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या उजव्या गुडघ्यावर जानेवारी 2023 मध्ये त्यांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया झाली. पंत पुन्हा स्पर्धात्मक क्रिकेट खेळला तो मार्च 2024 मध्ये.

बातम्यांत शस्त्रक्रियेला मथळा मिळतो आणि मधल्या चौदा महिन्यांना एखादी ओळ. गुडघ्यावरच्या संशोधनाचा कल याच्या बरोबर उलट आहे. शस्त्रक्रियेत मांडीमागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध घेऊन, दोन्ही हाडांत बोगदे पाडून तो बंधाच्या जागी ओवतात. ओवलेला तुकडा लगेच जिवंत बंध होत नाही. आधी तो ढिला पडतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि सावकाश त्याचा पोत बदलतो. पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे दुखणे थांबून खेळाडूला आपण बरे झालो असे वाटू लागते नेमके तेव्हा, तो तुकडा सर्वांत कमकुवत असतो. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या 106 रुग्णांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पुनरागमन नऊ महिन्यांपर्यंत लांबवले, तर प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण 51 टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. स्वीडनमधल्या 2010 च्या चाचणीने तर शल्यविशारदांनाच कोड्यात टाकले. 121 तरुणांपैकी निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली, बाकीच्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज भासली तरच शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते आणि व्यायाम गटातल्या 59 पैकी 36 जणांना तोवर बंध बसवून घ्यावा लागला नव्हता. ते व्यावसायिक खेळाडू नव्हते, हे मात्र विसरून चालणार नाही. पट काढणाऱ्या पहिलवानाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

जालन्याची अडचण शस्त्रक्रियेनंतरच्या या महिन्यांत आहे. हा जिल्हा कुस्तीचा शौकीन; 2018 ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालना शहरात झाली आणि बुलडाण्याच्या बाला रफिक शेखने गदा जिंकली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही 2024 मध्ये इथे सुरू झाले. ऑपरेशनसाठी संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई एकदा गाठता येते. उधारउसनवार करून का होईना, घर ते निभावते. मंठा किंवा घनसावंगीहून आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला जाणे, तेही नऊ महिने, पेरणी-काढणी सांभाळून, हे निभत नाही. टाके निघाले की उपचार संपले, असे घर धरून चालते. त्यामुळे मुंबईइतकेच चोख ऑपरेशन झालेला गुडघाही इथे चार महिन्यांत आखाड्यात उतरतो.

खेळायला परतण्याआधीच्या चाचण्यांतली एक मात्र कुठल्याही तालमीत करता येते. जमिनीवर चुन्याची रेघ मारायची, एका पायावर उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरायचे आणि टेपने अंतर मोजायचे. मग दुसरा पाय. दुखावलेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के भरावी लागते. मांडीच्या ताकदीची तपासणी वेगळी करावी लागते आणि तिला उपकरण लागते. पण चांगला पाय 150 सेंटीमीटर आणि दुखावलेला 110 दाखवत असेल, तर त्या दिवशी लंगोट बांधायचा नाही, हे वस्तादाला टेपवरूनच कळते.