आगळावरचं पाणी

"मामा, पेल्यात दोन बोटं कोकमाचं खारट आगळ घाला. आता चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी सोडा. सावकाश."

लाल आगळ तळाशीच राहिलं, वर नितळ पाणी. मामा टक लावून बघत राहिले.

"खारट ते जड, म्हणून खाली," मी म्हटलं. "बंगालच्या उपसागरात असंच होतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती पावसाळ्यात गोडं पाणी आणून ओततात, त्याचा थर वर पसरतो. ऊन वर, खत खाली. दोन्ही भेटली तरच सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि मासळी जगते ती त्यांच्याच जिवावर."

"भेटवायला वारा आहे की. पावसाळा जोराचा तर वाराही जोराचा."

"पण गोड्या पाण्याचं झाकणही जाड होतं. हे गाळातून कळलं. 'जोइडीस रेझोल्यूशन' जहाजाने २०१४-१५मध्ये तिथल्या तळाचा गाळ काढला. त्यात फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचं असतात. काही जाती वरच्या पाण्यातल्या, काही खालच्या. दोन्हींच्या कवचांतलं रसायन ताडलं की त्या काळचे थर उमगतात. साडेदहा ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वी पाऊस भरभरून पडत होता. गोड्या पाण्याचं झाकण घट्ट बसलं आणि समुद्र उपाशी राहिला."

"मग कमी पावसात सुगी?"

"तेही नाही. साडेसतरा ते साडेपंधरा हजार वर्षांपूर्वी मान्सून क्षीण होता. वारा मंदावला, ढवळणंच थांबलं. तेव्हाही उपासमारच."

मामा गप्प झाले. मग म्हणाले, "बाय, माझा शेतकरी भाऊ पावसाला म्हणतो, भरपूर पड. आम्ही नारळ वाहतो तो दर्या शांत व्हावा म्हणून. आणि तू सांगतेस, शांत दर्या उपाशी. मग आमचं मागणंच चुकलं?"

"तुम्ही नारळ आषाढात वाहता का?"

"छे. श्रावणातल्या पुनवेला. तोवर होड्या वर ओढलेल्या."

"म्हणजे आधी त्याला घुसळू देता, मग शांत हो म्हणता. मागणं चुकलेलं नाही, मामा. त्यात थांबणं आहे."

"आणि आषाढच श्रावणात घुसला तर?"

याला माझ्याकडे गाळातलं उत्तर नव्हतं. "हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं, पाऊस कोसळतो. पूर्वी हे बदल आपोआप झाले. आता हवा आपण तापवतोय. नुसतं मागून भागणार नाही, तापवणं थांबवावं लागेल."

मामांनी चमचा उचलला. ढवळलं मात्र नाही. पेल्यातली ती लाल रेघ अजून तशीच होती.