बेचक्यातला सांधा

देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप केली. डिसेंबर २०२१मध्ये तिचा व्हिडिओ मोबाइलवर घराघरांत फिरला आणि पुढं आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. माझ्या आजोळी, जांब समर्थला, मामेभावानं तो व्हिडिओ पाहिला आणि त्याच्या डोक्यात जीप शिरली.

इंजिन मिळालं मोडीतल्या मारुती ८००चं, तीन सिलिंडरचं. सांगाडा मामांच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. धूर बाहेर काढणारा स्टीलचा मॅनिफोल्ड तयारच आणला. तो इंजिनाला बसला, पण स्टेअरिंगच्या दांड्याला अडला. दांडा हलवता येईना, म्हणून पाइप कापून वळवायचे ठरले.

मामांनी मॅनिफोल्डची पट्टी आधी एका जुन्या हेडला बोल्टांनी आवळली. मोकळी ठेवली तर ती उष्णतेनं वाकडी होते आणि मग गॅस्केट धूर धरत नाही. टाकेही सलग मारले नाहीत. इथं एक, तिथं एक, मधी गार होऊ दिलं. शेवटी तोंडं बंद करून आत हवा भरली, वरून साबणाचं पाणी लावलं. दोन पाइपांच्या बेचक्यात, जिथं वेल्डिंगची कांडी पोचत नाही, तिथं एक बारीक बुडबुडा फुगला.

रात्रीचे नऊ वाजले होते. रामनवमी दोन दिवसांवर. लेकरांना जीपमधून जत्रेला न्यायचं कबूल केलेलं. मीच म्हणालो, "मामा, पेस्ट भरा अन् वरून चंदेरी रंग मारा. तिथं कोन बघतंय?"

"कोन बघत न्हाई म्हनूनच," मामा म्हणाले, आणि त्यांनी ग्राइंडर उचलला.

त्या तापलेल्या पाइपात पेस्ट चार दिवसांत जळून गेली असती. धूर ताडपत्रीखाली, लेकरांच्या नाकाशी आला असता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. हे मी कॉलेजात शिकलो होतो, मामा नव्हते. बंद खोलीत इंजिन चालवलं की डोकं ठणकतं, एवढंच त्यांना ठाऊक.

सांधा उघडून पुन्हा जुळवायला दोन दिवस गेले. लेकरं जत्रेला पायी गेली. मामेभाऊ रुसला, तर मामा म्हणाले, "तसंबी नंबर न्हाई तिला. रस्त्यावर आनायची न्हाई, शेतातच फिरवायची." नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणं कायद्यानं गुन्हाच आहे. लेकरांना शब्द देताना आम्ही कुणीच तो विचार केला नव्हता.

मला तेव्हा वाटलं होतं, एका बुडबुड्यासाठी एवढं काय? मॅनिफोल्ड कारखान्यातून आला तेव्हा त्याच्या चुकीला कारखाना जबाबदार होता. आपण करवत लावली त्या घटकेला तो आपला झाला. वस्तू आपल्या सोयीनं वळवण्यात गैर काही नाही. मात्र वळवणाऱ्यानं तिची हमीही घ्यावी लागते. आणि जो सांधा दुसऱ्याला तपासता येत नाही, त्याची हमी फक्त जोडणाराच देऊ शकतो.

मी शहरात कागदांचं काम करतो. तिथंही बेचकी असतात. पेस्टची डबी हाताशीच असते, आणि ती मी कधीच उघडली नाही, असं मला म्हणता येणार नाही.