आकाशातले गायरान

म्हैसूरहून आग्नेयेला तीसेक किलोमीटर गेले की टी. नरसीपूर लागते. पूर्ण नाव तिरुमकूडलू नरसीपूर. इथे काबिनी कावेरीला मिळते. स्फटिक सरोवर ही तिसरी धारा गुप्त आहे असे मानतात, आणि १९८९ पासून दर तीन वर्षांनी इथे कुंभमेळा भरवण्याचा प्रघात आहे. मला संगमापेक्षाही गावातले गुंजा नरसिंहाचे देऊळ आवडते. या नरसिंहाच्या चिमटीत गुंज आहे, आणि त्यावरून हे क्षेत्र काशीपेक्षा गुंजभर सरस, असे इथली माणसे सांगतात. पुण्याचा हिशेब सोनाराच्या मापाने करायचा, तोही काशीशी, हा नेमकेपणा मोठा लोभस आहे. गुंज म्हणजे एका ग्रॅमचा साधारण आठवा हिस्सा.

चिमटी आणि गुंज यांचे मला कौतुक वाटते त्याचे कारण जरा अधार्मिक आहे. भाताची कापणी उरकली की या तालुक्यातली खाचरे काही आठवडे मोकळी पडतात आणि आम्ही म्हैसुरातली काही माणसे, मालकाला विचारून, तिथे रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडवतो. या छंदात दोन पंथ आहेत. एक ट्रान्समीटरची स्टिक नुसत्या अंगठ्याने ढकलणारा, दुसरा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरणारा. चिमटीवाल्यांचे म्हणणे असे की गुंजभर हालचाल फक्त चिमटीलाच कळते. मी याच पंथातला, त्यामुळे माझे मत निःपक्षपाती समजू नये.

आमच्यातल्या एका काकांकडे सत्तावीस मेगाहर्ट्झचा जुना ट्रान्समीटर आहे. पत्र्याची पेटी, पुढे काट्याचा मीटर, वर खेचून लांब करायची हातभराहून मोठी अँटेना, आणि पोटात आठ नायकॅड सेल. नवा घ्या, असे त्यांना अनेकांनी सुचवले. त्यांचे उत्तर ठरलेले: "पेटीत काय बदलायचं ते बदला. या दोन स्टिकना हात लावू नका." ऐकणाऱ्याला हा म्हातारपणाचा हट्ट वाटतो. पेटी उघडून पाहिली की त्यात तांत्रिक शहाणपण किती आहे ते कळते.

अशा ट्रान्समीटरच्या आत दोन वेगळी खाती असतात. पहिले खाते हाताचे. स्टिकच्या बुडाशी पोटेन्शिओमीटर असतो, ज्याला दुरुस्तीवाले नुसता 'पॉट' म्हणतात. स्टिक मध्यावर असली की पहिले खाते दीड मिलिसेकंदाचा अवधी मोजते. एका टोकाला नेली की एक, दुसऱ्या टोकाला दोन. प्रत्येक चॅनेलचा असा एकेक अवधी ओळीने मांडायचा, शेवटी लांब मोकळी जागा सोडायची, की एक फ्रेम झाली. अशी फ्रेम साधारण वीस-बावीस मिलिसेकंदांनी पुन्हा निघते. हाताने जे म्हटले ते सगळे या ओळीत येते. तिला पीपीएम म्हणतात. दुसरे खाते हवेचे. फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल, रंगीत गाभ्यांची चार-दोन कॉइल्स, एक तापणारा ट्रान्झिस्टर आणि अँटेना. पहिल्याने दिलेली ओळ हे खाते लहरींवर चढवते आणि सोडून देते. तिचा अर्थ त्याला कळत नाही, कळायची गरजही नाही.

आज दुकानातून आणलेल्या साध्या सर्व्होलाही (विमानाचे सुकाणू हलवणारी छोटी मोटर) मध्य म्हणजे दीड मिलिसेकंदच समजतो. हवेच्या खात्यात अर्धशतकात सगळे उलथेपालथे झाले. हाताच्या खात्यातले हे माप मात्र तेच राहिले. काका स्टिकना हात लावू देत नाहीत ते म्हणूनच बरोबर आहे.

आता सत्तावीस मेगाहर्ट्झ कुठून आले ते पाहू. हा पट्टा छंदिष्टांना कुणी लाडाने दिलेला नाही. १९४७ साली अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत रेडिओलहरींनी उष्णता निर्माण करणाऱ्या उद्योगांसाठी आणि वैद्यकीय यंत्रांसाठी काही पट्टे बाजूला काढण्यात आले. २७.१२ मेगाहर्ट्झच्या आजूबाजूचा तुकडा अशा यंत्रांचा. त्यावर प्लॅस्टिकच्या चादरी सांधणारी यंत्रे चालतात, दुखऱ्या गुडघ्याला शेक देणारी डायथर्मी चालते. २.४ गिगाहर्ट्झचा तुकडाही त्याच जातीचा. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ वर तापवतो. या पट्ट्यांत जे बोलू पाहतात त्यांनी यंत्रांचा गोंगाट निमूट सहन करायचा, असा नियम. गावाच्या गायरानासारखी ही जागा: कुणाच्या नावावर नाही, सगळ्यांची गुरे चरतात, आणि शेजाऱ्याच्या बैलाने शिंग मारले तर तक्रार घेऊन जायला दार नाही. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झमध्ये पाच वॅटपर्यंतच्या उपकरणाला परवाना लागत नाही. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा तुकडा २००५ सालच्या नियमांनी परवानामुक्त झाला, आणि आज घराघरातले वायफाय, ब्लूटूथ त्याच कुरणात सोडलेले आहे. म्हणजे जुन्या ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी बदलणे हे बढती मिळून बंगल्यात जाणे नव्हे. एका गायरानातून दुसऱ्यात जाणे आहे. दोन्हीकडच्या रीती मात्र फार वेगळ्या, आणि मला बोलायचे आहे ते त्याविषयी.

जुन्या पट्ट्यात छंदासाठी सहा ठरीव जागा होत्या. २६.९९५ तपकिरी, २७.०४५ लाल, २७.०९५ नारिंगी, २७.१४५ पिवळी, २७.१९५ हिरवी, २७.२५५ निळी. (रेझिस्टरवरच्या रंगांचा एक ते सहा हाच क्रम, ज्याने कधी सोल्डरिंग आयर्न हातात धरले आहे त्याला पाठ करावा लागला नसेल.) ज्या रंगाचा क्रिस्टल, त्या रंगाची फीत अँटेनाच्या टोकाला बांधायची. एकाच रंगाची दोन माणसे एका वेळी उभी राहिली तर एकाचे विमान, बहुधा दोघांचीही, जमिनीवर येणार. कुणाच्या मनात काही नसतानाही. म्हणून मैदानावर एक फळी टांगलेली असे, तिच्यावर रंगांचे चिमटे. आपल्या रंगाचा चिमटा हाती आल्याशिवाय पेटी चालू करायची नाही, आणि उतरलो की चिमटा परत लावायचा. नव्या माणसाला मैदानावर पाऊल टाकताच पहिला प्रश्न येई तो नावाचा नाही, गावाचाही नाही: "तुमचा रंग कुठला?"

हवा एका वेळी एकाचीच, हे त्या पट्ट्यात डोळ्यांना दिसत असे. वाट पाहणे भागच होते, आणि वाट पाहता पाहता दुसऱ्याचे विमान पाहिले जाई, त्याचे इंजिन का अडते यावर न विचारता सल्ला दिला जाई. मी हे सोन्याचे दिवस म्हणून सांगत नाही. शेजारच्या गल्लीत कुणा पोराने सत्तावीसची खेळण्यातली मोटार चालू केली तर त्याच्याकडे चिमटा मागायची सोय नव्हती, आणि महिन्याभराच्या रात्री जागून बांधलेले बाल्साचे विमान चार सेकंदांत काड्यांच्या ढिगाऱ्यात जमा होई.

२.४ मध्ये ही विचारपूस संपली. प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःचा क्रमांक असतो. रिसीव्हर एकदा त्याच्याशी 'बाइंड' केला की बाकी कुणाचेही ऐकत नाही. शिवाय दोघेही ठरलेल्या गुप्त क्रमाने एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर सेकंदाला कित्येकदा उड्या मारतात. एखाद्या ठिकाणी कुणी आडवा आला तर तेवढा तुकडा वाया जातो, पुढच्या उडीला वाट मोकळी. मैदानावर दहा माणसे एकदम उडवोत, कुणी कुणाला रंग विचारत नाही. सभ्यता आता यंत्राकडे गेली आहे, आणि यंत्र ती माणसांपेक्षा चोख पाळते, हे कबूल केले पाहिजे.

या उड्यांची कल्पना पूर्वी रेडिओवर चालवायच्या वस्तूसाठीही मांडली गेली होती. हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ऑगस्ट १९४२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. शत्रूला अडवता येऊ नये असा टॉर्पेडो हवा होता. आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळीवरच्या भोकांनी अठ्ठ्याऐंशी फ्रिक्वेन्सी बदलायच्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच. अमेरिकेच्या नौदलाने तेव्हा ती वापरली नाही. आणि 'नवी फ्रिक्वेन्सी' म्हणताना आणखी एक नाव आठवावे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडून, तारेविना, घंटा वाजवली आणि दारू पेटवली. हे दूरनियंत्रणच झाले. त्या वर्षांत ते ज्या लहरींवर काम करत होते त्यांतल्या काही मिलिमीटरांत मोजाव्या लागतात, २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची. त्या हिशेबाने आमची नवी फ्रिक्वेन्सी बरीच मागासलेली ठरते.

रेडिओच्या हौसेत म्हैसूरला स्वतःची परंपरा आहे. महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या 'विठ्ठल विहार' या घरी तीस वॅटचा ट्रान्समीटर लावून नभोवाणी केंद्र सुरू केले. विषय मानसशास्त्र, हौस रेडिओची. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी उपकरण नुसते बाळगणेही गुन्हा ठरलेले होते. पुढे कैक वर्षे आपल्या आजोबांना रेडिओ ऐकण्यासाठीसुद्धा पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे. त्या काळात एका प्राध्यापकाने घरातून प्रक्षेपण करावे, याचे मला अजून नवल वाटते. 'आकाशवाणी' हे नाव त्या केंद्राचे. ते साऱ्या देशाने नंतर घेतले. हौशी केंद्र पुढे संस्थानाकडे आणि तिथून ऑल इंडिया रेडिओकडे गेले. आज म्हैसूरची आकाशवाणी १००.६ मेगाहर्ट्झवर एफएममध्ये ऐकू येते.

काकांच्या पेटीकडे वळू. तिचे हवेचे खाते काढून त्या जागी २.४ चे मॉड्यूल बसवायचे ठरले. मागचे झाकण काढले की पहिले काम क्रिस्टल उपसून ठेवणे. मग हवेच्या खात्याचा वीजपुरवठा तोडायचा. हे विसरून चालत नाही, कारण अँटेना काढून टाकल्यावर तो शेवटचा ट्रान्झिस्टर बिनकामाचा तापून जळू शकतो. नव्या मॉड्यूलला तीनच वायरी लागतात: धन, ऋण आणि सिग्नल. सिग्नल एन्कोडरच्या, म्हणजे पीपीएमची ओळ बनवणाऱ्या भागाच्या, तोंडाशी पकडायचा. शिकाऊ माणसासाठी दुसरी पेटी जोडायचे ट्रेनर सॉकेट असलेल्या सेटमध्ये तो तिथे आयताच मिळतो. काही जुन्या सेटचा पीपीएम नव्या मॉड्यूलला उलटा लागतो, मग एक ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रेझिस्टर लावून तो सरळ करायचा. अशा जुन्या पेट्यांसाठीच एका कंपनीने डीएचटी नावाचे मॉड्यूल काढले होते. आता अनेक प्रोटोकॉल बोलणारी मॉड्यूल्सही मिळतात. लांब अँटेनाच्या भोकात बोटभर अँटेना बसते, कारण या लहरीचा चौथा हिस्सा तीन सेंटिमीटरच्या थोडा वर, तर सत्तावीसच्या लहरीचा पावणेतीन मीटर. मीटरचा काटा पूर्वी बाहेर पडणारी शक्ती दाखवायचा. आता त्याला एक रेझिस्टर लावून बॅटरीचा व्होल्टेज दाखवायला लावले आहे. काका म्हणाले, "बिचाऱ्याला काहीतरी काम हवंच."

या सौद्यात तोटाही आहे. मॉड्यूल पीपीएमची ओळ आधी वाचते, मग स्वतःच्या भाषेत पुढे पाठवते, त्यामुळे एक-दोन फ्रेमचा विलंब जास्त होतो. थेट आकडे पाठवणारा नवा ट्रान्समीटर त्याहून चपळ. संथ ग्लायडरला हा फरक कळतही नाही. उलटसुलट कसरती करणाऱ्या विमानाला कळू शकतो. हा बदल केल्यावर विमान उडवण्याआधी रेंज तपासावी, मॉड्यूलला कमी शक्तीवर ठेवून तीसेक पावले चालत जावे. सिग्नल तुटला तर इंजिन बंद होईल असा फेल-सेफ लावावा. ड्रोनसाठीचे २०२१ चे नियम आणि सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशाही आधी पाहावा. विमानतळाच्या परिघात छंदाला माफी नाही.

माझे मत विचाराल तर स्टिक आणि पॉट शाबूत असतील तेव्हाच ही खटपट करावी. पॉट झिजून खरखरत असतील तर नवा ट्रान्समीटर घेतलेला बरा. हाताचे खाते बिघडल्यावर हवेचे कितीही उत्तम बसवा, विमान थरथरतच राहणार. आणि चिमट्यांची फळी गेली म्हणून 'रंग कुठला' हे विचारणे बंद झाले, तरी मैदानावर आलेल्या नवख्या माणसाला काहीतरी विचारावे. यंत्र एकमेकांना चुकवून जायला शिकले आहे. विमान पडले तर उसात शोधायला मात्र अजून दुसरा माणूसच लागतो.

तुमच्या घरी माळ्यावर असा एखादा जुना ट्रान्समीटर पडला असेल, तर फ्रिक्वेन्सीचे पुढे बघा. आज फक्त झाकण उघडा आणि सेल बाहेर काढून ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका. त्यात कॅडमियम असते. सुटलेला क्षार वायरीच्या आतून काळा होत वर चढतो आणि एन्कोडरच्या बोर्डापर्यंत पोचला, तर नवे मॉड्यूल बसवण्याजोगे काही उरत नाही.